रिकाम्या खुर्चीची साथ

समुपदेशक वैजयंती मुजुमदार यांच्या खोलीतून गेल्या दोन वर्षांत एकही माणूस रागावून उठून गेला नव्हता. माणसं रडत, गप्प बसत, कधी हसतही, पण जाताना दाराशी थांबून एकच सांगत, "मॅडम, तुमच्यासारखं आमचं कुणी ऐकत नाही." पहिल्या वर्षी हे ऐकून वैजयंतीबाईंना मूठभर मांस चढायचं. दुसऱ्या वर्षी त्याच वाक्याची त्यांना धास्ती वाटू लागली.

कारण त्याच्या पुढचंही त्या ऐकत होत्या. नवरा मध्येच बोलतो, सहन होत नाही. आई टोचून बोलते, सहन होत नाही. एका बाईंनी तर सख्ख्या बहिणीशी बोलणंच सोडलं होतं. का, तर बहिणीला नीट ऐकता येत नाही. माणसं या खोलीत येऊन शांत होत होती आणि घरी जाऊन आणखी नाजूक होत होती.

हा सगळा संवादीचा प्रताप होता. आता संवादी म्हणजे काय, ते आधी सांगितलं पाहिजे, नाहीतर पुढची गोष्ट अधांतरी राहील.

दोन माणसं मनापासून बोलायला बसली की त्यांची शरीरंही आपापसांत बोलत असतात. एकाचा श्वास संथ झाला की दुसऱ्याचा होतो, आवाजाच्या पट्ट्या जवळ येतात, नाडीचे चढउतार एकमेकांचा माग काढत जातात. आणि बिनसायचं असतं तेव्हाही पहिली खबर शरीरालाच लागते. तोंडाने माणूस म्हणतो, "छे हो, तसं काही नाही," पण त्याआधीच त्याचा आवाज सपाट झालेला असतो, श्वास छातीत वर चढलेला असतो, तळहात किंचित ओला झालेला असतो. जिव्हाळ्याच्या माणसाच्या हे कधी ध्यानात येतं, कधी निसटतं. संवादीकडून निसटत नसे. रुग्णाच्या आणि उपचार करणाऱ्याच्या मनगटावर एकेक पट्टी, आणि उपचार करणाऱ्याच्या कानात तुरीच्या दाण्याएवढा मणी. असंख्य संभाषणं ऐकून शिकलेलं ते यंत्र, नात्याला तडा जायच्या क्षणभर आधी कानात सांगे, "थांबा." "प्रश्न मागे घ्या." "आवाज खाली." टेबलावरच्या पडद्यावर दोघांची मिळून एक रेघ चाललेली असे. ती लाल पट्ट्याखाली जाऊन तिथेच राहिली, तर यंत्र त्या रुग्णाची आपोआप दुसऱ्या उपचारकाकडे बदली करून टाकी. कटुता नाही, रुसवाफुगवा नाही.

आणखी एक बारीकशी सोय होती. समोरचं माणूस आपल्या जागी येऊन बसलं की मनगटावरच्या पट्टीवर एक हिरवा ठिपका लागे. पट्टी रुग्णाच्या हातावरच राहत असे, आणि परगावाहून पडद्यावर बोलणाऱ्यांसाठी ही सोय होती. सांगलीतल्या सांगलीत तिचा काही उपयोग होईल असं कुणाच्या मनातही आलं नव्हतं.

दर मंगळवारी दुपारी चारला येणारे रघुवीर गुरव हे सांगलीतलेच. दिवसा सौरपंपांच्या दुकानात दुरुस्ती करायचे आणि अच्युतबुवांच्या कीर्तनात पेटीची साथ. म्हणजे करत होते. चाळिशीचा, देखणा, हात असा गोड की बुवांनी नुसता श्वास घेतला तरी पुढचा सूर पेटीतून आधी हजर. पण स्वभावाला एक खोड होती. कुणाचा शब्द लागला की हा माणूस भांडत नसे. तो उठायचा आणि निघून जायचा, आणि गेला की गेला. भावाचं घर असंच सुटलं होतं. आधीच्या दोन नोकऱ्या सुटल्या होत्या. आणि गेल्या वर्षी भर कीर्तनात, उत्तररंग ऐन रंगात असताना, बुवा थट्टेने म्हणाले, "आमचा रघुवीर इथे सूर धरतो. घरी सूर मंदावहिनी धरतात, हा नुसता भाता हलवतो." कीर्तनकाराने साथीदाराची अशी फिरकी घ्यायची, श्रोत्यांनी हसायचं, ही जुनीच रीत. पण त्या दिवशी सकाळीच घरी खटका उडाला होता. रघुवीरने भाता मिटला, पेटीला कडी लावली आणि देवळाच्या बाजूच्या दाराने चालता झाला. बुवांनी उरलेलं आख्यान सुराविना ओढत नेलं. तेव्हापासून बुवा आपोआप साथ करणारी यंत्राची पेटी घेऊन उभे राहत.

बायको मंदा पोरीला घेऊन कवठेमहांकाळला माहेरी गेली होती. जाताना एवढंच म्हणाली, "भांडायची तयारी असेल तर न्यायला या. रुसायची असेल तर हितंच बसा. जूनमध्ये मी पोरीचं नाव तिकडच्या शाळेत घालणार."

तेव्हा रघुवीरला वैजयंतीबाईंकडून हवं होतं ते एकच: लागलं तरी उठून न जाणं. आणि सहा-सात महिने त्या खोलीत त्याला काही लागलंच नव्हतं. संवादीने लागू दिलं नव्हतं.

माघातला मंगळवार होता. रघुवीर जरा खुलून बोलत होता. पंपांच्या दुकानाचा मालक काहीबाही बोलला होता, म्हणून तीही नोकरी सोडायचा विचार होता. बोलता बोलता त्याने मालकाची नक्कल केली आणि स्वतःच हसला. वैजयंतीबाईही हसल्या. वडिलांचं बोट धरून लहानपणी ऐकलेली कीर्तनं त्यांच्या अंगात मुरलेली. ती फिरकी जिभेवर आली. कानात मणी म्हणाला, "थांबा." त्यांना वाटलं, आपल्या मातीतली थट्टा या यंत्राला काय कळायची.

"रघुवीरराव," त्या म्हणाल्या, "सांगलीत आता रुसायला एखादं दुकान शिल्लक आहे का, की मिरजेत बघू या?"

रघुवीरही हसला. मग त्याचं हसू जागच्या जागी वाळलं. मणी सारखा थांबा, थांबा म्हणत होता. पडद्यावरची रेघ गडगडली. वैजयंतीबाईंना त्याचा चेहरा पडलेला दिसला, अगदी स्पष्ट दिसला, आणि त्यांनी घाईघाईने पुढचा प्रश्न विचारला, "बरं, मंदावहिनींचा फोन आला होता का?"

"बरोबर आहे तुमचं, मॅडम," रघुवीर फार नम्रपणे म्हणाला. त्याने पिशवी उचलली. दाराशी पोचल्यावर आपल्याकडे कुणी म्हणत नाही ते म्हणाला, "जातो मी." येतो म्हणाला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पडद्यावर ओळ होती: रुग्णाची बदली झाली आहे. पुण्याच्या एक बाई, पडद्यावरून, शुक्रवारी.

वैजयंतीबाई तडक केंद्रप्रमुख डॉ. पळशीकरांच्या खोलीत गेल्या.

"बदली रद्द करा, सर."

"अहो, बदली ही काय शिक्षा आहे? पुण्याच्या बाई चांगल्या आहेत. दोन भेटींत विसरेल तो."

"तेच म्हणते मी. विसरेल. भावाकडून उठला, बुवांकडून उठला, आता माझ्याकडून उठला. आजवर तो पळायची वाट स्वतः शोधत होता. आता आपलं यंत्रच त्याला पुढचं दार उघडून धरतंय."

पळशीकरांनी चष्मा काढून पुसला. माणूस वाईट नव्हता, फक्त त्याला सरळ रेघा आवडायच्या. "आणि तो आलाच नाही तर?"

"तरी चारला मी खोलीत असेन."

"रिकाम्या?"

"त्याची वेळ आहे ती. दुसऱ्या कुणाला देऊ नका."

"बाई, बाहेर किती माणसं ताटकळलीत, माहीत आहे ना?"

"त्यांच्यासाठी मी संध्याकाळी जादा बसेन. पण चारची खुर्ची त्याची."

पळशीकरांनी चष्मा पुन्हा चढवला. "तुमच्याशी हुज्जत घालायची म्हणजे... बरं. महिनाभर. मग यंत्र करेल ते खरं."

वैजयंतीबाईंनी रघुवीरला एकच निरोप पाठवला: मंगळवारी चारला मी खोलीत आहे. उत्तर आलं नाही.

पहिल्या मंगळवारी त्या पट्टी बांधून, मणी कानात घालून बसल्या. समोर खुर्ची. मणी म्हणाला, "रुग्ण अनुपस्थित. सत्र बंद करायचं का?"

"नाही," त्या म्हणाल्या.

थोड्या वेळाने मण्याने पुन्हा विचारलं. त्यांनी पुन्हा नाही म्हटलं. खिडकीबाहेर चालकाशिवाय धावणारी बस थांब्यावर आली, रिकामी होती, तरी दारं उघडून उभी राहिली आणि निघून गेली. वैजयंतीबाईंना हसू आलं. आपण तरी वेगळं काय करतोय, असं वाटलं. मग वाटलं, नाही, वेगळं आहे. बसला कुणाची वाट बघता येत नाही.

त्यांना एक जुनं कीर्तन आठवलं. आख्यानात वनवासाचा प्रसंग आला आणि म्हातारे बुवा एकाएकी थांबले. गळा दाटला, शब्द फुटेना. सभामंडपात कुणी खाकरलं नाही, कुणी उठलं नाही. पेटीवाला मान खाली घालून एकच सूर धरून बसला. वर नाही, खाली नाही, काही सजवणं नाही. किती वेळ गेला देव जाणे. मग बुवांनी डोळे पुसले आणि त्याच सुरावर पाय ठेवून पुढे निघाले. घरी येताना वडील म्हणाले होते, "बघितलंस? त्याने वाट मोडू दिली नाही."

वाट मोडू द्यायची नाही, असं वैजयंतीबाईंनी ठरवून टाकलं. आणि रिकाम्या खुर्चीसमोर बसल्या बसल्या त्यांना आपली चूकही हळूहळू दिसू लागली. थट्टा ही चूक होतीच, पण त्याहून मोठी चूक होती तो घाईतला पुढचा प्रश्न. चेहरा पडलेला दिसला आणि आपण न दिसल्यासारखं केलं. दोन वर्षांत कुणाला दुखवलं नव्हतं. त्यामुळे दुखवल्यावर काय करायचं, याची सवयच मोडली होती. रघुवीरला उठून जायची खोड होती, तशी आपल्यालाही जडली होती. आपण फक्त खुर्चीत बसून पळत होतो.

दुसरा मंगळवारही तसाच गेला. तिसऱ्या मंगळवारी चार वाजून गेल्यावर दार धाडकन उघडलं.

"तो दिवा बंद करा आधी," रघुवीर म्हणाला. दम लागला होता. मनगट पुढे धरलं होतं. पट्टीवर हिरवा ठिपका लुकलुकत होता.

"बसा की."

"बसायला आलेलो नाही."

"मग उभ्याने सांगा."

"काय सांगायचं? चार वाजले की हे पेटतंय. दुकानात गिऱ्हाईक विचारतंय, काय हो, कुणाचा फोन आलाय? काय सांगू त्याला? माझ्या डॉक्टरीणबाई रिकाम्या खुर्चीशी बोलत बसल्यात?"

"बोलत नव्हते. नुसतीच बसले होते."

"का पण?"

वैजयंतीबाईंनी विचारलं, "पट्टी काढून का नाही ठेवलीत, रघुवीरराव?"

मणी म्हणाला, "प्रश्न मागे घ्या." टेबलावरची रेघ लाल पट्ट्यात शिरली. वैजयंतीबाईंनी कानातला मणी काढला, पेनांच्या डब्यात टाकला आणि पडदा पालथा घातला. खोलीत एकदम शांत झालं. आता पुढचं वाक्य कोणतं, हे सांगणारं कुणी नव्हतं.  

रघुवीर त्या डब्याकडे बघत राहिला. मग खुर्चीच्या अगदी कडेला टेकला, कधीही उठता येईल असा.

"मी थट्टा केली, ती तुम्हाला लागली," त्या म्हणाल्या. "यंत्राने मला आधी सांगितलं होतं. मी ऐकलं नाही. तुमचा चेहरा पडला तो मला दिसला, आणि मी काही झालंच नाही असं दाखवून पुढचं विचारलं. ते चुकलं माझं."

"यंत्राचं ऐकलं असतं तर तुम्ही बोलला नसता."

"नसते बोलले. आणि इतके महिने तुम्हाला लागेल असं काहीच बोलले नाही, तेही त्याचं ऐकूनच. बुवांचा गळा बसला की तुम्ही वरून पेटी वाढवून झाकता ना, तसं चाललं होतं आपलं."

रघुवीरला न राहवून ओठाच्या कोपऱ्यात हसू आलं. "एखाद्या दिवशी झाकायचं ओ. रोज झाकलं तर बुवा गाणं विसरतील."

"विसरलेच होते मी."

तो पट्टीशी चाळा करू लागला. मग खाली बघूनच बोलू लागला, आणि आवाज चढत गेला. "मला हसू आलं होतं, मॅडम. खोटं कशाला बोलू. पण खाली रस्त्यावर पोचेपर्यंत गेलं. आमचा बाप असाच. चारचौघांत मला धरून सगळ्यांना हसवायचा. मी उठून गेलो की म्हणायचा, जाऊ दे, भूक लागली की येतोय. ओढ्याकाठी बसून राहायचो. कुणी मागं आलं नाही कधी. आई नाही, भाऊ नाही. बुवा नाही आले. मंदा तर नाहीच. आणि तुम्ही. तुम्ही पण नाही आला."

"नाही आले."

"का?"

"तुमच्या दारात येऊन उभं राहणं माझ्या कामात बसत नाही. तुम्हाला परत यायची मोकळीक राहिली पाहिजे, आणि न यायचीही. पण तुमची जागा धरून बसणं माझ्या हातात होतं. तेवढं केलं."

"म्हणून ठिपका."

"म्हणून ठिपका."

त्याने बाहीने नाक पुसलं. "मला अजून राग आहे तुमचा."

"असू दे. तो घेऊनच बसा."

रघुवीर खुर्चीत मागे सरकला. पाठ टेकली. त्या दिवशी तो अंधार पडेपर्यंत बोलला, आणि त्यातलं निम्मं बोलणं ऐकून घ्यायला वैजयंतीबाईंना जड गेलं. बदलीला संमती न विचारल्याबद्दल तो बोलला. "माझी बदली यंत्र करतंय, मला विचारतंय कोण?" हे त्याचं म्हणणं त्यांनी दोनदा ऐकलं आणि दोनदा मान्य केलं. निघताना तो म्हणाला, "येतो."

त्यानंतरही मणी डब्यातच राहिला. पण मनगटावरच्या पट्ट्या नोंद घेत होत्या, आणि महिना संपला तेव्हा वैजयंतीबाई ती रेघ घेऊन पळशीकरांकडे गेल्या. थट्टेच्या दिवशी रेघ खोल दरीत गेली होती. मग नुसता कोरा रस्ता. मग पुन्हा दरी, आणि तिथून ती वर आली ती आधीच्या सगळ्या महिन्यांच्या वर.

"आधीची रेघ किती सरळ आहे बघा," त्या म्हणाल्या. "मला वाटायचं हा विश्वास आहे. ती फक्त सावधगिरी होती, सर. दोघांचीही."

"म्हणजे संवादी फेकून द्यायचं म्हणता?"

"नाही. माझे डोळे चुकतात, त्याचे चुकत नाहीत. पण त्याने मला आधी थांबवू नये. झाल्यावर सांगावं, 'लागलं असावं.' बस. पुढचं मी आणि समोरचं माणूस बघून घेऊ. आणि ती आपोआप बदली बंद. बदली हवी असेल तर माणसाने तोंडाने मागावी."

"आणि माणसं रागावून निघून गेली तर?"

"काही जातील. त्यांची खुर्ची मी धरून ठेवेन."

पळशीकर रेघेवरून बोट फिरवत राहिले. "तुमच्या खोलीपुरतं," शेवटी म्हणाले. "सध्या."

"सध्या पुरे," वैजयंतीबाई म्हणाल्या.

फाल्गुनाच्या अखेरीला रघुवीर कवठेमहांकाळहून आला तो थेट मंगळवारच्या खुर्चीत.

"दोन तास भांडलो, मॅडम. सासऱ्यांच्या अंगणात. शेजारची पाजारची सगळी बघायला. मध्ये एकदा उठलो. चपला घातल्या, फाटकापर्यंत गेलो."

"मग?"

"मग परत आलो. चपला काढल्या. मंदा म्हणाली, चहा टाकू का? म्हटलं टाक, पण माझं अजून संपलेलं नाही." तो जरा लाजला. "तिचंही संपलं नव्हतं. येतीय ती, पाडव्याला. आणि बुवांकडेही गेलो. ते म्हणाले, यंत्राची पेटी बरी चाललीय की आमची. म्हटलं, मग मी..." त्याने जीभ चावली. "जातो म्हणणार होतो. म्हटलं, मग मी इथं बसतो. बसलो. तासाभराने बुवांनीच पेटीवरचं फडकं काढलं. रामाच्या उत्सवात कीर्तन आहे, संध्याकाळी. तुम्ही यायचं."

देवळाचा सभामंडप भरला होता. उदबत्तीचा, मोगऱ्याचा आणि ओल्या सतरंज्यांचा वास. वैजयंतीबाई बायकांच्या बाजूला खांबाशी बसल्या. पुढच्या रांगेत हिरव्या लुगड्यातली मंदा, मांडीवर पोरगी. अच्युतबुवा उपरणं सावरून उभे, डाव्या हाताला रघुवीर पेटीवर. पूर्वरंग असा रंगला की मंडळी डोलायला लागली. गजर झाला. मध्यंतर जवळ आलं, हार आणि बुक्क्याचं ताट पुढे आलं, आणि बुवा खुशीत येऊन म्हणाले,

"मंडळी, मध्यंतरी आम्ही यंत्राची पेटी घेतली होती. फार गुणी. कधी चुकली नाही, कधी रुसली नाही. आमचा रघुवीर काय, दोन्ही करतो."

मंडप हसला. वैजयंतीबाईंचा हात नकळत कानाशी गेला. कानात काही नव्हतं.

पेटीचा सूर थांबला. रघुवीरने भाता मिटला. हसू ओसरत गेलं आणि मागे कुणाचा तरी टाळ चुकून वाजला तेवढाच. बाजूचं दार उघडं होतं, त्यातून संध्याकाळचा उजेड आत आला होता. मंदाने पोरीला घट्ट धरलं.

रघुवीरने वर पाहिलं. साथीदार कीर्तनात बोलत नाहीत. तो बोलला, हळू, पण शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं.

"बुवा, लागलं मला."

बुवा जागच्या जागी थिजले. नारदाच्या गादीवर उभ्या माणसाला असं कुणी म्हणत नाही. त्यांनी चिपळ्या खाली ठेवल्या. आपल्यासाठी आलेल्या ताटातला बुक्का बोटावर घेतला, पेटीपाशी गुडघ्यावर बसले आणि रघुवीरच्या कपाळाला लावला. मग हात जोडले.

"चुकलो रे लेकरा. त्या दिवशीही चुकलो होतो. तुझ्या मागे यायला पाहिजे होतं मी." ते उठले, उपरणं सारखं केलं. "सूर दे."

रघुवीरने भाता उघडला. सूर दिला, तो बुवांच्या नेहमीच्या पट्टीपेक्षा चांगला दोन घरं वर.

बुवांनी डोळे वटारून त्याच्याकडे पाहिलं. रघुवीर मान खाली घालून, गंभीर चेहऱ्याने, तोच सूर धरून बसला होता. मंदाने तोंडाला पदर लावला. बुवा म्हणाले, "बरं. फेडतो," आणि दीर्घ श्वास घेऊन त्या सुराला पोचायला निघाले.